तेका व्हया तरी काय?

आमच्याकडच्या भुतांना पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, तोही ठरलेल्या पिंपळावर. गिरो खाडीच्या कडेला, पाण्यात. देवचार आपल्या हद्दीत, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन. हडळ असली तर ती आधी कोण होती, कुणाची सून होती, कशानं गेली हे वाडीतली कुठलीही म्हातारी सांगेल. आणि पत्त्याबरोबर प्रत्येकाचं मागणं असतं. कुणाला नारळ, कुणाला कोंबडा, कुणाला नुसती विडी-काडी. मागणं राहिलं तर ते आजारी पाडतात, वाट चुकवतात, गुरं अडवतात. पण त्यावर गुरव आहे, मानकरी आहेत, कौल आहे, गाऱ्हाणं आहे. मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला चार माणसं उभी राहिली की हिशेब मिटतो. या सगळ्यावर माझा विश्वास आहे का, असं शहरातले लोक मला विचारतात. गावात कुणी विचारत नाही. तिनसांजेला त्या पिंपळाखालून जाताना मी चपला वाजवत जाते, एवढंच सांगते.

अशा भुतांमध्ये वाढलेल्या बाईनं पन्नाशी जवळ आली तरी 'हॅलोवीन' पाहिला नव्हता, यात मला काही नवल वाटत नव्हतं. माझ्या लेकीला वाटलं. ती मुंबईत सिनेमाचा अभ्यास करते आणि १९७८ साली आलेला हा जॉन कार्पेंटरचा सिनेमा तिच्या अभ्यासात कुठेतरी वरच्या रांगेत बसलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी माहेरच्या घरी आलो होतो, आचऱ्याच्या खाडीपासून फार लांब नसलेल्या वाडीत. तिथे माझी आते एकटी राहते. कापणी उरकली होती, भात खळ्यात आलं होतं, रात्री करायला काही नव्हतं. लेकीनं माजघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

आमच्या पिढीचं भय वेगळ्या कंपनीचं. गणपतीत वर्गणी काढून तालुक्याच्या गावाहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं यायचा, खळ्यात मांडला जायचा आणि एका रात्रीत तीन पिक्चर व्हायचे. पहिला देवाचा, दुसरा मारामारीचा, आणि पोरं झोपली असं मोठ्यांना वाटलं की तिसरा रामसे बंधूंचा. पोरं झोपलेली नसायची. गोधडीच्या भोकातून मी 'पुराना मंदिर' पाहिला तो असा. १९८४ चा सिनेमा. त्यातला सामरी दिसायला भयंकर, पण त्याचं सगळं रीतसर होतं. त्याला राजानं शिक्षा दिली, धड एकीकडे आणि मुंडकं दुसरीकडे ठेवलं, म्हणून त्यानं राजाच्या वंशाला शाप दिला. शाप कुणाला, कधीपर्यंत, उतारा काय, सगळं सांगून मोकळे. मंदिर आहे, त्रिशूळ आहे. आमच्या वाडीतल्या बायकांना तो सिनेमा एकदम पटला. शेवटी त्यांच्या ओळखीचीच गोष्ट होती, फक्त नटी शहरातली.

आते 'वायच बघतंय' म्हणून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मग पाट घेतला. मग पाट पुढे सरकवला.

सुरुवातीला काय होतं ते सांगायला हरकत नाही, सिनेमा जुना आहे. १९६३ सालची हॅलोवीनची रात्र, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार फिरतात ती, अमेरिकेतलं एक शांत गाव, एक पांढरं घर. आपण ते घर कुणाच्या तरी डोळ्यांनी बघतोय. तो कोण ते कळत नाही, कारण आपण त्याच्या डोक्याच्या आत आहोत. खिडकीतून एक मुलगी आणि तिचा मित्र दिसतात. आपण मागच्या दारानं स्वयंपाकघरात जातो. खणातून सुरी काढली जाते. जिना. एक मुखवटा उचलला जातो, आणि मग पडद्यावर दोन भोकांएवढंच जग उरतं. त्या भोकांतून मुलीचा खून होतो. हे सगळं जवळजवळ न तुटणाऱ्या एका लांब दृश्यात चालतं. त्या काळात नवीनच आलेला, माणसाच्या अंगाला बांधायचा आणि चालताना न हलणारा कॅमेरा त्यासाठी वापरला होता. मग आपण अंगणात येतो, गाडीतून आईबाप उतरतात, बाप मुखवटा ओढून काढतो आणि पहिल्यांदा आपण बाहेरून बघतो: विदूषकाच्या कपड्यातला सहा वर्षांचा मुलगा, हातात सुरी.

'अगे बाय माझे,' आते म्हणाली.

इंग्रजी तिला येत नाही. लेक सुरुवातीला वाक्यावाक्याला सांगत होती, पण थोड्याच वेळात आते तिला म्हणाली, 'तू गप रव चेडवा, माका दिसता.' खरंच दिसत होतं. या सिनेमात जे भयंकर आहे त्यातलं जवळपास काहीच बोलण्यात नाही. कुंपणाच्या कडेला कुणीतरी उभं आहे, परत बघावं तर नाही. रस्त्याच्या पलीकडे गाडी हळू जाते. तो मुलगा पंधरा वर्षं इस्पितळात होता, आता एकवीस वर्षांचा होऊन पळालाय, एवढं कळलं की बाकी सगळं नजरेचं काम.

एकाच ठिकाणी आतेनं अर्थ विचारला. म्हातारा डॉक्टर, लूमिस, पोलीस अधिकाऱ्याला काहीतरी कळवळून सांगत असतो तिथे. लेकीनं सांगितलं: तो म्हणतोय की मी आठ वर्षं या मुलाच्या मनाशी पोचायचा प्रयत्न केला आणि पुढची सात वर्षं त्याला बाहेर पडू न देण्याचा, कारण त्या मुलात काही उरलेलंच नाही, त्या डोळ्यांच्या मागे निव्वळ दुष्टपणा आहे, हे मला कळलं.

'काय नाय म्हणजे?' आते म्हणाली. 'तेका व्हया तरी काय?'

'काहीच नको आहे त्याला, आजी.'

'काय तरी असतलाच.'

पुढचा सिनेमाभर ती अधूनमधून हेच विचारत राहिली. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की माझ्याही घशात नेमकं हेच अडकलंय. मायकल मायर्स नावाचा हा माणूस धावत नाही, ओरडत नाही, हसत नाही, आपलं नाव सांगत नाही. श्रेयनामावलीत मुखवट्यामागच्या नटासमोर पात्राचं नावसुद्धा नाही. नुसतं 'आकृती' म्हणून लिहिलंय. तो शाप देत नाही, पैसे मागत नाही, कुणाचा सूड घेत नाही. निदान या पहिल्या सिनेमात तरी नाही. ज्या मुलीच्या मागे लागतो तिचा दोष एवढाच, की ती सकाळी त्याच्या जुन्या घराच्या दारात किल्ली ठेवायला गेली. म्हणजे तिची वाट त्याच्या दारावरून गेली. अशानं आमच्याकडे लोकांना चकवा लागतो हे खरं. पण चकवा लागलेल्या माणसानं जरा थांबून देवाचं नाव घेतलं की रस्ता सापडतो, अशी सोय आहे.

आमचा राक्षस बघा. कार्तिक-मार्गशीर्षात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी कंपन्या गावोगाव फिरतात. मध्यरात्र उलटली की आख्यानात राक्षस येतो. येतो म्हणजे काय, आधी पखवाज आणि झांज कान फाडतात, मग आतून आरोळी, मग तो येऊन मंडपभर फिरतो, मांडीवर थाप मारतो आणि मग स्वतःच विचारतो, मी कोण? आणि सांगतो. वंश, वर, वैर, मागणी, सगळं. पुढच्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत शिरतात आणि एक डोळा उघडा ठेवतात. पहाटे तो मरतो, दहीकाला होतो, राक्षस तोंड पुसून चहा प्यायला बसतो. लहानपणी मी संकासुराला फार भ्यायचे. काळा पोशाख, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. पण तोसुद्धा तोंड उघडला की मालवणीत बोलायचा, आणि असं काही बोलायचा की भीती हसण्यात जायची.

आणि रात्री गावातून जो खरंच चालतो असं मानतात, तो राखण करायला चालतो. वेंगुर्ल्याकडे आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामडी चपला अर्पण करतात. तो रात्री गावभर फिरतो, म्हणून चपला झिजतात. त्या झिजलेल्या चपला बघून माणसाला झोप लागते. अंधारात पावलं वाजली तर दिलासा वाटावा अशी आमची व्यवस्था, आणि इथे मी माजघरात बसून पडद्यावरच्या पावलांनी घामाघूम झालेली.

या सिनेमाच्या कपड्यांखाली मात्र दशावतारच आहे, हे मला लेकीच्या बडबडीतून कळत गेलं. तिला सिनेमापेक्षा तो कसा केला यात जास्त रस. सगळा खर्च तीन लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉलिवुडच्या हिशेबानं चहापाणी. चित्रीकरण सुमारे वीस दिवसांत. तो पांढराफटक, भाव नसलेला चेहरा म्हणजे दुकानात दोन डॉलरच्या आत मिळालेला एक तयार मुखवटा: 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या तोंडाचा. सिनेमाचा कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस यानं त्याला पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले. झाला राक्षस. आत उभा राहिला तो निक कॅसल, कार्पेंटरचा कॉलेजातला मित्र, दिवसाला पंचवीस डॉलरवर. आणि पहिल्या दृश्यात सुरी धरणारा तो लहान मुलाचा हात? तो डेब्रा हिलचा. सिनेमाची निर्माती तीच आणि कार्पेंटरबरोबर पटकथाही तिनंच लिहिलेली. दशावतारी कंपनीत असंच चालतं. राजा तोच, पेटारा उचलणारा तोच, आणि सिंहासन म्हणजे एक लाकडी बाकडं, जे पुढच्या प्रवेशात पर्वत होतं.

गोष्ट घडते इलिनॉयमध्ये, ऑक्टोबरच्या शेवटी, पानगळीत. चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या साउथ पासाडीनात, ऐन वसंतात. तेव्हा झाडांना हिरवी पानं. मग पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, दृश्य झालं की गोळा करून पोत्यात भरायची आणि पुढच्या दृश्यात पुन्हा पसरायची. पैसे नव्हते. लेक हे सांगत असतानाच आतेनं पडद्याच्या कोपऱ्यात बोट रोवलं.

'ह्यो माड खयसून इलो?'

खरंच होता. पार मागे, घरांच्या वर, ताडामाडाच्या जातीचं एक झाड. इलिनॉयच्या थंडीत ते उगवायची शक्यता नाही. जगभरच्या चाहत्यांनी ही चूक हुडकून ठेवलेली आहे म्हणे, पण त्यांना सिनेमा पुन्हापुन्हा बघावा लागला असेल. माडाखाली जन्म गेलेल्या बाईला एका नजरेत दिसला.

संगीताचं काय सांगू. पियानोवर तेच ते सूर, न थकता. कार्पेंटरनं ते स्वतः केलं. त्याचे वडील संगीताचे प्राध्यापक, त्यांनी लहानपणी त्याला बोंगोवर पाचाची लय शिकवली होती, तीच इथे वापरली. मी बोटं मोजत बसले. दहा ठोके, तीन-तीन-दोन-दोन असे तुटणारे. डबलबारीची भजनं ऐकत वाढलेल्या माणसाला दहा मात्रा नव्या नाहीत. झपतालही दहाचाच, पण दोन-तीन-दोन-तीन असा झुलणारा. हा झुलत नाही. पुढे पडतो, आणि प्रत्येक वेळी वाटतं की एक पाऊल कमी पडलं. आधी संगीत न घालता हा सिनेमा एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला होता आणि त्यांना मुळीच भीती वाटली नाही, असं कार्पेंटरनं लिहून ठेवलंय. त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मधे एकदा लेकीनं गंमत म्हणून आवाज बंद केला. लगेच बाहेरची समुद्राची गाज आत आली, रातकिडे आले, आणि पडद्यावर एक माणूस मुखवटा घालून झाडामागे उभा राहिलेला दिसायला लागला. एवढंच. आवाज परत चालू केल्यावर त्याचा पुन्हा राक्षस झाला.

मला सगळ्यात आधी जिथे भय वाटलं तिथे रात्र नव्हती. लॉरी, म्हणजे नायिका, दुपारी आपल्या खोलीत येते आणि खिडकीतून खाली बघते. शेजारच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घातलेत. पांढऱ्या चादरी, वारा, आणि चादरींच्या मधे तो उभा. बघतोय. ती जराशी हलते, आणि तो नाही. कोकणात वाढलेल्या कुणालाही विचारा, भर दुपारचे बारा ही रात्रीएवढीच वाईट वेळ. उन्हात शेताच्या बांधावर चिटपाखरू नसतं, सावल्या पायाखाली गेलेल्या असतात, आणि मोठी माणसं ओरडतात की आता विहिरीवर जायचं नाही. परदेशी दिग्दर्शकाला हे कुणी सांगितलं असेल?

त्याच सिनेमात पुढे भूतही येतं. मुंबईच्या नाटकात येतं तसं, अंगावर पांढरी चादर आणि वर चष्मा. मुलीला वाटतं आपला मित्र थट्टा करतोय. इथे भुताचं सोंग घेऊन माणूस येतो, आणि मारतो तो माणूस.

आता ते दृश्य, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

लॉरी त्या रात्री ज्या घरात लहान पोराला सांभाळायला आली आहे, तिथून ती समोरच्या घरात गेली आहे आणि तिथे तिला तिच्या मैत्रिणी मेलेल्या सापडल्या आहेत. हातावर सुरीचा वार घेऊन ती जिन्यावरून पडते, कशीबशी बाहेर निघते, लंगडत रस्त्यावर येते. गल्ली भरलेली आहे. दोन्ही बाजूंना घरं, घरांत माणसं. ती शेजारच्या घराच्या दारावर धडका मारते, किंचाळते, वाचवा म्हणते. ओसरीवरचा दिवा लागतो. खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्या दोन बोटांनी फाकवून कुणीतरी बघतं.

आणि दिवा बंद होतो.

सिनेमा तिथे थांबत नाही, कुणी त्यावर भाषण करत नाही, ती मुलगी पुढे पळते. माझ्या हातातली वाटी मात्र हातातच राहिली. आते ताडकन म्हणाली, 'शेजारी मेले काय ते? असले शेजारी असान काय उपेग?'

आतेच्या जगात ही गोष्ट बसतच नाही. तिच्या तरुणपणी या वाडीतल्या निम्म्या घरांत पुरुषमाणूस नव्हता. सगळे मुंबईत, गिरणीत. मनीऑर्डर यायची, माणूस गणपतीला आणि शिमग्याला यायचा. बाकी वर्षभर घरात बायका, म्हाताऱ्या, पोरं आणि गुरं. रात्री काही वाजलं, साप निघाला, कुणाला कळा सुरू झाल्या, तर खळ्यात येऊन कुकारो घालायचा. लांब, चढत जाणारी ती हाक. पहिल्या हाकेला पलीकडच्या घरातून उत्तर, मग त्याच्या पलीकडून, आणि दहा मिनिटांत गडगे ओलांडत कंदील येताना दिसायचे. भांडणं होती, नाही असं नाही. ज्या घराशी बांधावरून बोलणं बंद असायचं तिथूनही बाई यायची, काम करायची आणि न बोलता परत जायची. कुकाऱ्याला जायचं नाही असं वागणं कुणी केलंच तर पुढच्या सात पिढ्यांना ते ऐकावं लागलं असतं.

मग मी मनातल्या मनात वाडी मोजायला लागले. आज आतेनं कुकारो घातला तर? उत्तरेकडचं घर बंद, ते लोक डोंबिवलीला. त्याच्या खालचं घर नवं, चिऱ्याचं, वर स्लॅब, दारात लोखंडी ग्रिल. मालक गणपतीत सात दिवस येतो, उरलेलं वर्ष तिथे कुलूप राहतं. पलीकडे दोन भावांचं, वाटणीवरून कोर्टात, म्हणून दोघांनीही सोडून दिलेलं. कौलं खाली आलीत, मागच्या खोलीत आंब्याचं झाड वाढलंय. खालच्या अंगाला एक म्हातारं जोडपं, पण त्यांना ऐकू कमी. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली तेव्हा आम्हांला वाटलं होतं आता माणसं परत येतील. यायला सोपं झालं हे खरं. जायलाही झालं.

'हॅलोवीन'मधल्या गल्लीत माणसं आहेत आणि दारं उघडत नाहीत. आमच्याकडे दारं उघडायला माणसं नाहीत. यातलं जास्त वाईट कुठलं हे मला त्या रात्री ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही. त्या पडद्याआडच्या शेजाऱ्याबद्दल मात्र मी विचार करत राहिले. तो वाईट नसणार. हॅलोवीनची रात्र, पोरं दारं ठोकून पळतात, त्याला वाटलं असेल ही तशीच थट्टा. सिनेमानं त्याला तेवढी पळवाट ठेवलीय, आणि ती असल्यामुळेच तो जास्त टोचतो.

रिकाम्या घरांचं भय आमच्या मुलखाला नवं नाही, एवढं तरी खरं. आचऱ्याची गावपळण बाहेरच्या लोकांनी वर्तमानपत्रात वाचलेली असते. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं, म्हातारे, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. जातीधर्माचा भेद नाही. वेशीपलीकडे झावळांच्या राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं रंगतात, आणि गाव मागे काळोखात पडून असतो. ज्यांचं म्हणून काही तिथे असेल त्यांना ते तीन दिवस द्यायचे, अशी समजूत. मग पुन्हा कौल, आणि लोक आपल्या घरात परत येतात. टीका करणारे करतात, त्यांचं म्हणणं मला कळतं. पण या प्रथेतला व्यवहार मला फार शहाणा वाटतो. तुमचे तीन दिवस, बाकीचे आमचे, दोघांनी वेळ पाळायची. मायकल मायर्सला असले तीन दिवस देऊन चालणार नाही. त्याच्याशी करार होऊ शकत नाही, कारण करारात मांडायला त्याच्याकडे काही नाही.

पुढचा भाग आतेनं जवळजवळ उभ्यानंच पाहिला. लॉरी विणकामाची सुई त्याच्या मानेत खुपसते, तो पडतो, आणि ती त्याची सुरी बाजूला टाकून रडत बसते. 'गे, सुरी कित्याक टाकतंस? उचल ती!' तो उठतो. लॉरी कपाटात लपते, तारेचा हँगर सरळ करून त्याच्या डोळ्यात घालते, पुन्हा त्याच्याच सुरीनं वार करते, आणि पुन्हा सुरी टाकते. यावर आते मालवणीत जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. आमच्या घरात मागच्या दाराला कोयतो टांगलेला असतो आणि तो कुणी एकदा वापरून टाकून देत नाही.

लेकीला मात्र या जागी बोलायचं होतं. कॅरल क्लोव्हर नावाच्या अभ्यासकबाईंनी १९८७ साली अशा सिनेमांवर लेख लिहिला आणि शेवटी जिवंत उरणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' हे नाव दिलं, ते आता सगळीकडे चालतं. मैत्रिणी मजा करतात आणि मरतात, अभ्यासू मुलगी वाचते, म्हणजे हा सिनेमा मुलींना शिस्त लावतो, असा एक आरोप. कार्पेंटरला तो कधीच मान्य नव्हता. त्याच्या मते लॉरी वाचते कारण ती एकटी आहे, म्हणून तिचं आजूबाजूला लक्ष आहे. मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटल्या. जास्त रमले मी दुसऱ्याच गोष्टीत. लॉरी झालेली जेमी ली कर्टिस ही जॅनेट लीची मुलगी. जॅनेट ली म्हणजे हिचकॉकच्या 'सायको'मध्ये न्हाणीघरात मारली जाते ती. १९६० साली आई मेली, १९७८ साली लेक वाचली. दोन्ही सिनेमांत सुरीच. डॉक्टर लूमिसचं नावसुद्धा 'सायको'तून उचललेलं. आईच्या मरणाच्या सिनेमातलं नाव घेऊन आलेला म्हातारा मुलीला वाचवायला येतो, हे लिहिणाऱ्यांनी हसत हसत केलं असेल. मला तसं बघता आलं नाही, शेजारी लेक बसली होती.

तो वाचवतो, म्हणजे सहा गोळ्या झाडतो. आकृती सज्जातून खाली पडते. लॉरी विचारते, तो बागुलबुवा होता का? संध्याकाळी हिनंच लहान पोराला सांगितलेलं असतं की बागुलबुवा वगैरे काही नसतं. डॉक्टर होय म्हणतो आणि सज्जातून वाकून बघतो. खाली गवत. माणूस नाही.

आणि मग एकामागून एक नुसत्या जागा. जिना. बैठकीची खोली. काळोखातलं घर. बाहेरून दुसरं घर. शेवटी ते जुनं पांढरं घर. कुणी नाही, आणि सगळीकडे तो मुखवट्याआडचा श्वास. लेक म्हणाली, बघ किती स्वस्तात काम केलंय, नट नाही, काही नाही, फक्त खोल्या. माझ्या डोळ्यांपुढे डोंबिवलीवाल्यांचं घर आलं.

'मेलो काय नाय तो?' आतेनं विचारलं.

'नाही आजी. दुसरा भाग आहे.'

'मगे लाव.'

त्या रात्री नाही लावला. दुसऱ्या रात्री, जेवणं आवरल्यावर, आते स्वतःहून पाट घेऊन बसली. हा १९८१ चा, दिग्दर्शक वेगळा, लिहिणारे तेच कार्पेंटर आणि हिल. गोष्ट त्याच रात्री पुढे सुरू होते, इस्पितळात. रक्त जास्त आहे, पहिल्या भागात ते फारसं नव्हतंच. मला कंटाळा यायला लागला होता. लेक मोबाइल बघत होती. आणि मग गोष्टीत उलगडा होतो: लॉरी ही मायकलची धाकटी बहीण आहे, लहानपणी दुसऱ्या घरात दत्तक गेलेली. म्हणून तो तिच्या मागे लागलाय. या कल्पनेचा कार्पेंटरला स्वतःलाही पुढे फारसा अभिमान राहिला नाही, आणि २०१८ साली नवा 'हॅलोवीन' काढणाऱ्यांनी तर हे नातं सरळ पुसून टाकलं.

लेकीनं आतेला हे समजावून सांगितलं. आते क्षणभर पडद्याकडे बघत राहिली, मग तिनं पाठ भिंतीला टेकवली. चेहऱ्यावर आदल्या रात्रीपासून नसलेला आराम.

'भैण असा ती तेची?'

'हो.'

'म्हणजे सामायिकातलाच भांडाण म्हण!' ती म्हणाली. 'मगे सरळ सांगूचा ना. इतक्यो सुरयो कशाक?' आणि पुढचा सिनेमा तिनं पाहिलाच नाही. त्या पडक्या घरातल्या दोन भावांच्या खटल्यात थोरल्यानं सातबाऱ्यावर धाकट्या बहिणीचं नाव कसं येऊ दिलं नव्हतं, तलाठी कुणाच्या बाजूनं होता, आणि त्या बहिणीनं एकदा भर गणपतीत खळ्यात उभं राहून काय काय ऐकवलं, हे ती आम्हांला झोप येईपर्यंत सांगत होती.